पुसण्याची विद्या

‘विचारणे’ हे क्रियापद मराठीत दुसऱ्याला प्रश्न करणे या अर्थी चालते, आणि ‘विचार’ हे नाम स्वतःशी केलेल्या चिंतनाचे आहे. दोहोंचे मूळ एकच. दुसऱ्यापाशी जाऊन प्रश्न करणे आणि आपल्याशी बसून चिंतन करणे ही दोन कामे आपल्या भाषेने एकाच शब्दाच्या पदरात बांधून ठेविली, ही गोष्ट सवयीमुळे आपल्या ध्यानात येत नाही. याच अर्थाचे दुसरे क्रियापद ‘पुसणे’. संस्कृत ‘पृच्छ्’, प्राकृत ‘पुच्छ’ या वाटेने ते मराठीत आले. लिखित भाषेतून ते आता मागे पडले असले, तरी बोलींत आणि ‘विचारपूस’ या जोडशब्दात ते जीव धरून आहे. विचारपूस या शब्दात आपुलकी आहे. उलट ‘चौकशी’ म्हटले की कचेरीचा दरवाजा दिसतो, ‘जबानी’ म्हटले की पोलीस दिसतो, आणि ‘नसत्या चौकशा’ म्हटले की वाड्यातला एखादा भोचक शेजारी डोळ्यांपुढे उभा राहतो. एकाच कृतीला इतकी निरनिराळी नावे पडली, यावरून विचारणाऱ्याच्या हेतूविषयी आपला समाज किती सावध आहे हे कळून येते. ही सावधगिरी अस्थानी आहे असे म्हणता येणार नाही.

आपण शिक्षक मंडळी दिवसाकाठी जेवढे प्रश्न विचारतो तेवढे क्वचितच दुसरा कोणी विचारीत असेल. तथापि आपल्या प्रश्नांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांची उत्तरे आपणांस आधीच ठाऊक असतात. ताजमहाल कोणी बांधला हे गुरुजींना माहीत नाही म्हणून ते विचारीत नाहीत, हे वर्गातील लहानातल्या लहान मुलालाही कळते. परिणामी दहा-बारा वर्षांच्या शिक्षणानंतर ‘प्रश्न’ म्हणजे आपली परीक्षा, किंबहुना आपल्याला धरण्याचा सापळा, अशी समजूत मुलाच्या मनात पक्की होते. आणि ज्या गोष्टी त्याला खरोखरच ठाऊक नसतात त्यांविषयी तो कोणालाही विचारीत नाही, कारण विचारणे म्हणजे अज्ञान उघडे करणे असे त्यास वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय दुसऱ्या जातीचा प्रश्न आहे. याचे उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक नसते. आणि ज्याला ते ठाऊक असते त्याला, आपल्यापाशी सांगण्यासारखे काही आहे, याची बहुधा जाणीवच नसते. तेव्हा येथे खरा भार विचारणाऱ्यावर आहे. सांगणाऱ्याचे मन त्याने एकदा पाहिलेल्या, ऐकलेल्या, हाताने केलेल्या गोष्टीपर्यंत परत नेऊन पोचविणे हे अशा प्रश्नाचे काम होय.

या विद्येचा पहिला मोठा धडा शोधण्यासाठी परक्या वाङ्मयात जाण्याची गरज नाही. मराठी गद्याच्या उंबरठ्यावरच तो आहे. ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ आपण आद्य चरित्र म्हणून, जुन्या गद्याचा नमुना म्हणून, यादवकालीन समाजजीवनाचे साधन म्हणून वाचतो व शिकवितो. परंतु हा सबंध ग्रंथ विचारपुशीतून निर्माण झाला आहे, या बाजूने त्याकडे क्वचितच पाहिले जाते.

सराळ्याचे म्हाइंभट हे शास्त्रांचा अभ्यास केलेले, वादात निपुण असे पंडित होते. चक्रधरस्वामींच्या भेटीस ते प्रथम आले ते शिष्य म्हणून नव्हे. आपली विद्या समोरच्यावर लावून पाहावी या भावनेने आले. वादातही प्रश्न असतातच, आणि त्या काळच्या पंडिताइतके प्रश्न कोणी रचीत नसेल. पण वादातील प्रश्न उत्तर मिळविण्यासाठी नसून प्रतिपक्षाची वाट अडविण्यासाठी असतो. ज्या माणसाचे सारे शिक्षण असे प्रश्न करण्यात झाले, तोच पुढे ज्यांना शास्त्राचा गंधही नव्हता अशा स्त्रीपुरुषांपाशी जाऊन, ‘तुम्ही काय पाहिले ते सांगा’ असे विनवू लागला. म्हाइंभटांच्या चरित्रातील हा पालट मला त्यांच्या ग्रंथाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

हकीकत ‘स्मृतिस्थळा’त आली आहे ती थोडक्यात अशी. इ. स. १२७४च्या सुमारास स्वामी गेल्यानंतर त्यांचा परिवार रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहू लागला. नागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, एकांती बसून स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. हे स्मरण भटोबासांबरोबरच संपणार, मागून येणाऱ्यांस ते कोठून मिळणार, ही गोष्ट म्हाइंभटांच्या ध्यानी आली व त्यांनी त्या लीळा लिहून घेण्याची अनुज्ञा मागितली. वाजेश्वरीच्या देवळात हे काम चालले. यात मोलाची गोष्ट अशी की, भटोबासांनी स्वतः पाहिले तेवढेच सांगितले. ज्या प्रसंगी ते हजर नव्हते, त्यांच्यासाठी म्हाइंभटांना जे हजर होते त्यांच्याकडे जावे लागले. स्वामींच्या सेवेत असलेल्या बाया, बरोबर हिंडलेले भक्त, कोठे एखाद्या गावी ज्यांच्या घरी मुक्काम झाला ते यजमान, अशा माणसांना ठिकठिकाणी गाठून त्यांनी लीळा जमविल्या आणि त्या आणून भटोबासांपुढे ठेविल्या.

ग्रंथात उत्तरे आहेत, प्रश्न नाहीत. पण उत्तरांवरून प्रश्न ओळखता येतो. गणिताच्या गुरुजींना हे सांगावयास नको. लीळाचरित्रातील कोणतीही लीळा काढून पाहावी. कोणते गाव, कोणते देऊळ, देवळाच्या कोणत्या अंगाला स्वामी बसले होते, जवळ कोण होते, वेळ पूजावसराची होती की विहरणाहून परतल्यानंतरची, आरोगणेला काय होते, कोणी काय म्हटले आणि त्यावर स्वामी काय म्हणाले, असाच सारा मजकूर आढळतो. यावरून म्हाइंभटांनी लोकांना काय विचारले नसावे हेही कळते. ‘स्वामी कसे होते?’ असे त्यांनी विचारले असते तर ‘थोर होते, दयाळू होते’ एवढेच उत्तर सर्वांकडून मिळाले असते आणि आज आपल्या हाती एक स्तोत्र असते. ‘स्वामींची शिकवण काय?’ असे विचारले असते तर ज्याने त्याने आपापल्या मतीप्रमाणे सिद्धांत सांगितला असता. त्यांनी ‘कोठे, केव्हा, कोण होते, मग काय झाले’ असे विचारले, म्हणून तेराव्या शतकातील एक माणूस चालताना, बोलताना, हसताना, रागावताना आपल्यापुढे उभा आहे. विशेषण मागणाऱ्या प्रश्नाला विशेषणच मिळते. प्रसंग हवा असेल तर प्रसंगच मागावा लागतो.

ग्रंथाचे भाग कसे पडले ते पाहिले म्हणजे ही दृष्टी अधिक स्पष्ट होते. ‘एकांक’ या भागात स्वामी एकटे हिंडत होते त्या काळातील लीळा आहेत. तेव्हा परिवारातील कोणी बरोबर नव्हते. स्वामींनी पुढे आपल्या माणसांना जे सांगितले त्यावरच हा भाग उभा आहे. पूर्वार्धात व उत्तरार्धात मात्र पाहणाऱ्यांची साक्ष आहे. ऐकीव गोष्ट व पाहिलेली गोष्ट एकाच पोत्यात भरलेली नाही.

याहून थोर गोष्ट पाठभेदांची. खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी आठवणीने पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. हिराइसा, परशुरामबास आदींच्या नावांनी ओळखले जाणारे पाठ या पुनर्रचनेतून आले. एखादी घटना अमुक गावी घडली असे एकाच्या आठवणीत आहे, दुसऱ्याच्या आठवणीत दुसरे गाव आहे; ग्रंथ दोन्ही ठेवतो. अशा भेदांना या परंपरेत ‘वासना’ अशी संज्ञा आहे. दोन माणसांनी दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या तर आपण ताबडतोब खरे कोण व खोटे कोण हे ठरवू लागतो, आणि बरेचदा जो अधिक शिकलेला असेल त्याच्या पदरात माप टाकतो. या लोकांनी तसे केले नाही. जन्मांध माणसे व हत्ती यांचा दृष्टांत स्वामींच्या तोंडचा म्हणून ‘दृष्टांतपाठा’त आहे, ज्याच्या हाताला सोंड लागली त्याचे सोंडेपुरते खरे, ज्याच्या हाताला पाय लागला त्याचे पायापुरते खरे. हा दृष्टांत ऐकून मान डोलावणारे पुष्कळ असतात. पोथी लिहिताना तो पाळला गेला, हे विशेष.

स्थळांच्या बाबतीतही हीच चिकाटी दिसते. ‘स्थानपोथी’ या ग्रंथात स्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले ती ठिकाणे नोंदलेली आहेत: देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून, बिढार कोणत्या अंगाला, त्यापासून काय कोठे. अशी माहिती जाग्यावर जाऊन, तेथील माणसाला ‘हेच का ते?’ असे पुसल्यावाचून मिळत नाही.

म्हाइंभटांना इतके मिळाले याचे श्रेय ज्यांनी स्वामी असतानाच प्रश्न करून ठेविले त्यांनाही दिले पाहिजे. त्यांत महदाइसा अग्रभागी आहेत. ‘धवळे’ रचणारी आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण स्वामींनी त्यांचे जे वर्णन केले ते काव्याविषयी नव्हते. ही म्हातारी जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, येथे काही ना काही पुसतच असते, असा त्याचा आशय आहे. वृद्ध स्त्रीने सतत प्रश्न करावे आणि गुरूने त्याचा गौरव करावा, हे त्या काळी सोपे नव्हते. आजही आपल्या सभांतून ते सहज घडते असे नाही. महदाइसांच्या प्रश्नामुळे एखादी गोष्ट उलगडून सांगितली गेली अशी स्थळे या वाङ्मयात वारंवार भेटतात. त्या गप्प राहिल्या असत्या तर ते बोलणे झालेच नसते, आणि म्हाइंभट कितीही चिकित्सक असले तरी न झालेले बोलणे त्यांना लिहून घेता आले नसते.

प्रश्न कोणत्या भाषेत करावा याचाही निवाडा याच मंडळींनी देऊन ठेविला आहे. पंडित दामोदर व केशवदेव यांनी एकदा भटोबासांना संस्कृतात प्रश्न केला. तुमच्या त्या संस्कृत शब्दांतले मला काही कळत नाही, मला स्वामींनी मराठीत निरूपण केले, त्याच भाषेत पुसा, असे त्यांनी उत्तर दिले. मराठीचा अभिमान म्हणून ही गोष्ट आपण व्याख्यानांतून नेहमी सांगतो. पण अभिमानापेक्षाही येथे एक व्यवहाराचे तत्त्व आहे. ज्ञान ज्या भाषेत मनात साठले त्याच भाषेत ते सुखरूप बाहेर येते. प्रश्नाची भाषा बदलली की सांगणाऱ्याला आधी स्वतःच्या आठवणीचे भाषांतर करावे लागते, आणि भाषांतर करताना जे अवघड ते तो गाळतो.

सहाशे वर्षांनंतर या तत्त्वाची परीक्षा फार मोठ्या प्रमाणावर झाली. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी हिंदुस्थानातील भाषांची जी पाहणी केली, तिचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. मराठीचा सातवा खंड १९०५ सालचा असून तो स्टेन कोनो यांनी सिद्ध केला. त्या कामासाठी ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून तीन गोष्टी मागविल्या जात: बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे स्थानिक बोलीत भाषांतर, त्याच बोलीतील एखादी स्थानिक गोष्ट वा गाणे, आणि ठराविक २४१ शब्द व वाक्ये यांची यादी. एकाच कथेची शेकडो बोलींतील रूपे शेजारी शेजारी ठेवता येतात, ही सोय खरीच. तरी भाषांतर करणारा मूळ वाक्याच्या सावलीतच चालतो. जी वाक्यरचना त्याच्या बोलीत कोणी कधी करणार नाही तीही तो करून देतो, कारण समोर अधिकारी बसला आहे. याची कल्पना ग्रिअर्सनना होती. म्हणूनच बोलणाऱ्याच्या तोंडून उतरून घेतलेला दुसरा नमुना त्यांनी मागितला. सातवा खंड चाळताना कथेचा भाग एकसारखा, जरा ताठलेला वाटतो, आणि दुसऱ्या नमुन्याशी आले की कोणीतरी खरोखर बोलू लागल्यासारखे वाटते. प्रश्न बदलला की त्याच माणसाची भाषा बदलते.

ग्रिअर्सननी आणखी एक अनुभव मोठ्या गमतीने नमूद केला आहे. तुझी भाषा कोणती, असे खेडुताला विचारले तर त्याला सांगता येत नसे. दूरच्या मुलखातल्या बोलीचे नाव तो बिनचूक सांगे, पण आपल्या बोलीला नाव असते हेच त्याला ठाऊक नसे. ती आपली सरळ, शुद्ध भाषा! आपल्या प्रदेशांत बोलींविषयी विचारपूस करणाऱ्याला हा अनुभव आजही येईल. ‘तुमची बोली कोणती?’ या प्रश्नाने माणूस एक तर गोंधळतो किंवा, आपले बोलणे अशुद्ध ठरविले जात आहे असे समजून, पुस्तकी बोलू लागतो. त्यापेक्षा ‘पलीकडच्या गावची माणसे तुमच्यापेक्षा काय वेगळे बोलतात?’ हे विचारावे. तो हसत हसत दहा उदाहरणे देतो, आणि त्यांत त्याच्या स्वतःच्या बोलीची दहा रूपे आपोआप येतात. अलीकडे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यात लहान चित्रफिती दाखवून ‘काय झाले ते सांगा’ असे विचारण्याची पद्धत वापरली गेली. भाषांतराचा अडसर काढून टाकण्याचाच तो मार्ग होय.

काही ज्ञान तर शब्दांत साठलेलेच नसते. ते हातात असते. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण यासाठी घेण्याजोगे आहे. गी पॉइत्वाँ व हेमा राईरकर यांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत खेडोपाडी हिंडून सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. तोवर गावोगाव पिठाच्या गिरण्या होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. एखाद्या आजीबाईंना ओट्यावर बसवून ‘ओव्या सांगा’ म्हटले तर ‘आता कुठल्या आठवायला’ हेच उत्तर मिळण्याचा संभव. जात्याचा खुंटा हाती आला, पाळी सुरू झाली, समोर जोडीदारीण बसली की एकीमागून दुसरी ओवी येऊ लागते, कारण ओवी दळणाच्या लयीत बांधलेली असते आणि ती लयच तिची स्मरणपोथी असते. आठवत नाही असे कोणी म्हणाले तर ते नेहमी खरे मानून निघून येऊ नये.

शाळेतील एक साधा पाठ याच न्यायाने सुधारता येईल. मुलांना सुताराकडे पाठवून ‘हत्यारांची नावे लिहून आणा’ असे सांगण्याची पद्धत आहे. मुले करवत, रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट, गुण्या अशी यादी आणतात, वहीत चित्रे काढतात आणि पाठ संपतो. यादी काही वाईट नव्हे. परंतु ‘याला काय म्हणतात?’ या प्रश्नाने केवळ नामे मिळतात, आणि कसब असते क्रियापदांत. तोच मुलगा काम चालू असताना तेथे अर्धा तास गप्प बसला आणि मग त्याने विचारले, ‘आत्ता तुम्ही रंधा उलटीकडून का मारू लागलात?’, तर सुतार लाकडाच्या रेषांविषयी बोलेल, रेषेच्या उलट गेले की लाकूड कसे उपसते ते दाखवील, कोणते लाकूड सोसते व कोणते सोसत नाही ते सांगेल, आणि बहुधा आपल्या बापाने हे कसे शिकविले तेही. पाहून झाल्यावर विचारलेला प्रश्न निराळाच असतो. तो ऐकताच सांगणाऱ्याला कळते की हा पोरगा बघत होता.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली निघाला. गावचे वतनदार, अलुते-बलुते, फिरस्ते यांच्या व्यवहारांचे इतके बारकाईचे वर्णन सरकारी नोकरीतील माणसाने लिहिले, याचे नवल वाटते, कारण सरकारी माणूस दिसला की गाव आपली निम्मी हकीकत घरात ठेवून बाहेर येतो. आत्र्यांची काही मते आज पटण्यासारखी नाहीत, आणि ज्या जमातींविषयी ते लिहितात त्यांच्याकडे ते अंमलदाराच्या नजरेने पाहतात, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तरी एखादा हक्क कोण, कधी, किती घेतो, हे त्यांनी ज्या तपशिलाने दिले आहे त्यावरून ते फार ऐकत असले पाहिजेत.

आता आपल्या घरचा विचार. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी समाजाची एक मोठी इस्टेट अशा माणसांच्या स्मरणात आहे की ज्यांना कोणी व्यासपीठावर बोलावीत नाही. हैदराबाद संस्थानात १९४८पूर्वी उर्दू माध्यमातून शिकून घरी मराठी बोलणारी माणसे. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात जाण्यापूर्वी ज्यांची शाळा मुंबई राज्यात झाली ती माणसे. १९६१पूर्वी पोर्तुगीज अमदानीत गोव्यात घरगुती मराठी शाळांतून अक्षर गिरविलेली माणसे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील संस्थानी कारभार विलीनीकरणापूर्वी ज्यांनी जाणत्या वयात पाहिला ती माणसे. यांतील हैदराबाद, बडोदे, इंदूर व ग्वाल्हेर येथली माणसे आज नव्वदीच्या आसपास किंवा त्यापुढची आहेत. बेळगाव व गोव्यापुरती थोडी अधिक सवड आहे, पण फार नाही. म्हाइंभटांनी स्वामी गेल्यानंतर फार दिवस जाऊ दिले नाहीत. आपण पाऊणशे वर्षे जाऊ दिली.

या वृद्धांपाशी गेले असता ‘त्या काळी मराठीची स्थिती कशी होती?’ असे विचारू नये. त्याला उत्तर म्हणून वर्तमानपत्रातील अग्रलेखच ऐकावा लागेल. घरचा हिशेब कोणत्या लिपीत लिहीत असत? मोडी वाचणारे शेवटचे माणूस घरात कोण होते? आई बाजारात भाव कोणत्या भाषेत करी, आणि घरी येऊन तोच भाव बाबांना कोणत्या शब्दांत सांगे? शाळेत हजेरीला काय म्हणत? भांडण झाले म्हणजे शिव्या कोणत्या भाषेत सुचत? लग्नाची पत्रिका कोणत्या अक्षरांत छापली? यांतील प्रत्येक प्रश्न लहान आहे. लहान आहे म्हणूनच त्याला खरे उत्तर देता येते.

रीतभातही प्रश्नाइतकीच महत्त्वाची. आपण अमुक संस्थेचे सभासद आहोत हे सांगून वही उघडून बसणे म्हणजे विचारपुशीची चौकशी करून टाकणे. पहिल्या भेटीत वही पिशवीतच राहिलेली बरी. आजींना ‘आजी’ म्हणावे, आजोबांच्या घराण्याची हकीकत ते सांगतील तेथून ऐकावी, आपल्याला हव्या असलेल्या ठिकाणापासून नव्हे. ते थांबले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. वृद्ध माणूस थांबतो तेव्हा पुष्कळदा तो आठवीत असतो, आणि आपण घाईने बोललो की ती आठवण परत आत जाते. काही गोष्टी सांगावयाच्याच नसतात, हेही मानले पाहिजे. महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपीत झाकून ठेविले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या उद्योगाने व पंथातील महंतांच्या सहकार्याने ते बाहेर आले, तेव्हाच लीळाचरित्र आपल्या अभ्यासक्रमात येऊ शकले. दार ठोठावणारा किती विद्वान आहे यापेक्षा तो काय करण्यासाठी आला आहे, याकडे घरधन्याचे लक्ष असते.

लिहून घेतलेला मजकूर मनाजोगा स्वच्छ करून छापण्याचा मोह शिक्षकांना विशेष होतो, कारण अशुद्ध दिसले की आपला हात लाल शाईकडे जातो. तो आवरावा. ‘व्हता’ म्हटले असेल तर ‘व्हता’च लिहावे, उर्दू वा कानडी वा गुजराती शब्द आला तर त्याच्या जागी मराठी प्रतिशब्द घालू नये. सांगणाऱ्याचे वय, गाव, कोणत्या दिवशी व कोणाकोणासमोर सांगितले, हे मजकुराच्या वरच नोंदावे. मुलगा-सून समोर असताना सांगितलेली गोष्ट आणि एकटे असताना सांगितलेली गोष्ट सारखी नसते. आठ-पंधरा दिवसांनी परत जाऊन लिहिलेले त्यांनाच वाचून दाखवावे, जसे म्हाइंभट आपली टिपणे भटोबासांपुढे ठेवीत. बहुतेक वेळा ‘असे नव्हे हो, ते त्याच्या आधी झाले’ असे म्हणून ते दुसरीच हकीकत सांगू लागतील. तेव्हा पहिली खोडू नये. तिच्याखाली तारीख घालून दुसरीही लिहून घ्यावी.